सैंधव, साधे मीठ आणि गळ्यातली ग्रंथी

आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी गेली वीस वर्षे माझे पेशंट आहेत. रक्तदाबासाठी दर महिन्याला न चुकता येतात, गोळ्या वेळेवर घेतात आणि सांगितलेले पथ्य अक्षरशः पाळतात. हा 'अक्षरशः' शब्द मुद्दाम वापरला आहे, पुढे कळेल. गेल्या पावसाळ्यात ते आले ते स्वतःसाठी नव्हे, सुनेला घेऊन. बरोबर सासूबाईही होत्या. सुनेला दिवस गेलेले, दुसरा महिना सरत आलेला. तक्रार म्हटली तर काही नाही, म्हटली तर पुष्कळ. सकाळी उठवत नाही, पोट साफ होत नाही, आषाढातच दोन दोन चादरी लागतात, केसांचे पुंजके हातात येतात.

"हे दिवसच तसे असतात डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कोण विचारत होतं?"

त्यांचे अगदीच चूक नव्हते. गरोदरपणात थकवाही येतो आणि बद्धकोष्ठही होते. पण नाडी सहसा थोडी वाढते, हिची मिनिटाला ६२ होती. डोळ्यांखाली सूज होती. मान जराशी मागे करून घोटभर पाणी गिळायला सांगितले, तेव्हा गळ्याच्या तळाशी, कंठमण्याच्या खाली, एक गुबगुबीत उंचवटा वर सरकून खाली गेला. रक्त तपासायला पाठवले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, टीएसएच ११. या महिन्यांत हा आकडा साधारण ४ च्या आत असावा लागतो.

मी सवयीने आहाराची चौकशी केली. दूध, भाजी, डाळ सगळे व्यवस्थित. शेवटी विचारले, घरात मीठ कोणते वापरता? यावर गुरुजींचा चेहरा उजळला. "पांढरं मीठ अडीच वर्षांपूर्वीच बंद केलं. घरात फक्त सैंधव. तुम्हीच तर लिहून दिलं होतंत!"

मी त्यांचा जुना केसपेपर काढला. माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'मीठ कमी'. बंद असे नव्हते, सैंधव असे तर नव्हतेच. पण 'जे खाल ते आयोडीनचेच खा' हेही नव्हते. कुणी तरी त्यांना सांगितले की सैंधवाने रक्तदाब वाढत नाही, आणि डॉक्टरांच्या 'मीठ कमी'चा अर्थ त्यांनी तसा लावून घेतला. दोष त्यांना कसा देऊ? गेल्या पंचवीस वर्षांत अशा हजारो केसपेपरांवर मी ते दोन शब्द लिहिले आणि तिसरे वाक्य लिहिले नाही.

आता ही गळ्यातली ग्रंथी आणि मीठ यांचा संबंध काय, ते पाहू.

'हार्मोन्स बिघडलेत' हे वाक्य हल्ली दवाखान्यात रोज ऐकू येते. हार्मोन्स म्हणजे संप्रेरके. काही ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर न सोडता थेट रक्तात सोडतात आणि तो रस दूरच्या अवयवांना हुकूम पोचवतो. हे रस आभाळातून पडत नाहीत. शरीर ते अन्नातूनच घडवते. इन्सुलिन प्रथिनांच्या तुकड्यांपासून बनते, स्त्रीत्वाची आणि पुरुषत्वाची संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून. हा कच्चा माल साधे जेवण जेवणाऱ्यालाही कमी पडत नाही. कोलेस्टेरॉल तर यकृत स्वतःच तयार करते. थायरॉईडच्या संप्रेरकाची गोष्ट मात्र निराळी. त्याला आयोडीन लागते, आणि आयोडीन शरीराला तयार करता येत नाही. ते अन्नातूनच आले पाहिजे.

थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला एक काढला की उरते ते तीन अणूंचे, अधिक जोरकस संप्रेरक. रिपोर्टवर टी-४ आणि टी-३ असे जे छापलेले असते ते हेच चार आणि तीन. अंगातली ऊब, हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, त्वचा, केस, मासिक पाळी, या सगळ्यांचा वेग या दोघांच्या हाती असतो. हिशेब ठेवते मेंदूखालची पिच्युटरी ग्रंथी. थायरॉक्सिन कमी पडले की ती टीएसएच नावाचा तगादा वाढवते. म्हणून थायरॉईड मंदावते तेव्हा टीएसएचचा आकडा चढतो. पुष्कळ जण रिपोर्ट हातात घेऊन सांगतात, "डॉक्टर, माझा थायरॉईड वाढला." वाढलेला असतो तो तगादा. सतत तगादा लागला की ग्रंथी बिचारी आकाराने वाढते. मिळेल तेवढे आयोडीन ओढून घेण्याची ती धडपड असते. तोच गलगंड.

हे आयोडीन लागते तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सत्तर वर्षांच्या आयुष्याची बेरीज केली तरी चार ग्रॅमच्या आसपास भरते, चहाचा चमचाही भरणार नाही. पण तो एका बैठकीत खाऊन भागत नाही. ग्रंथीत काही महिन्यांचा साठा राहतो, त्यानंतर नवा माल लागतोच.

निसर्गात आयोडीनचे मोठे कोठार म्हणजे समुद्र. जमिनीवरचे आयोडीन हजारो वर्षांच्या पावसाने, पुराने आणि डोंगरावर बर्फाने धुऊन नेले. जमिनीत नाही म्हणून धान्यात नाही, चाऱ्यात नाही म्हणून दुधात बेताचेच. कोकणातला माणूस बांगडा-सुरमई खातो, त्याला थोडाफार आधार असतो. देशावर, खानदेशात, विदर्भात तो नाही. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. समुद्रात आयोडीन आहे म्हणून मिठागरातल्या मिठातही ते असणार, असे शिकलेल्या लोकांनाही वाटते. तसे नाही. पाणी आटून मीठ बनते तेव्हा त्यात आयोडीन जवळजवळ राहत नाही. खाणीतल्या सैंधवातही ते नगण्यच. मिठात जे असते ते कारखान्यात पोटॅशियम आयोडेटच्या रूपाने मिसळलेले.

मग मीठच का निवडले? कारण गरीब असो की श्रीमंत, मीठ सगळेच खातात, रोज खातात आणि जवळपास सारखेच खातात. स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये हा मार्ग धरला. आपल्या देशातली कथा तर अभ्यासक्रमात घालावी अशी आहे. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात काम सुरू केले. तिथे गलगंड इतका सर्रास होता की सपाट गळाच लोकांना वेगळा वाटावा. त्यांनी खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीन मिसळलेले मीठ दिले, तिसऱ्याला साधे. पाच-सहा वर्षांनी पाहिले तेव्हा आयोडीनच्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण उतरले होते आणि साध्या मिठाच्या विभागात ते होते तिथेच होते. त्यानंतर तिसऱ्या विभागालाही आयोडीनचे मीठ सुरू केले आणि तिथलाही गलगंड उतरू लागला. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून आयोडीन न्यूनता विकारांचा कार्यक्रम असे झाले, कारण तोवर कळून चुकले होते की गळ्याची गाठ हे नुसते वर दिसणारे टोक आहे. खरे नुकसान आत, मेंदूत होते.

त्याकडे वळण्याआधी थोडे विषयांतर. माझ्या लहानपणी किराणा दुकानाच्या ओट्यावर जाड्या मिठाची गोणी रात्रंदिवस उघडी पडलेली असे. ती कुणी चोरत नसे, गाय तेवढी चाटून जाई. पिशवीबंद मीठ म्हणजे शहरी चैन होती. मी नुकताच दवाखाना थाटला होता तेव्हा, १९९७ मध्ये, आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यावर देशभर बंदी आली. त्यावर खूप वाद झाला. गरिबाचे मीठ महाग होईल, छोटे मिठागरवाले बुडतील, आणि ज्या देशात मिठासाठी सत्याग्रह झाला तिथे मिठाची सक्ती कशी, असे मुद्दे होते. ते पोरकट होते असे मी म्हणणार नाही. २००० मध्ये केंद्राने बंदी उठवली आणि मे २००६ पासून ती पुन्हा लागू झाली. आज कारखान्यात दर किलोला निदान ३० मिलिग्रॅम आणि तुमच्या हातात पडताना निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे.

म्हणजे १५ च्या हिशेबाने दहा ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम, आणि मीठ ताजे, पूर्ण ३० चे असेल तर पाच ग्रॅममध्येच तेवढे मिळते. हा हिशेब मुद्दाम मांडला, कारण रक्तदाबाचे पेशंट विचारतात, की मीठ कमी केले तर आयोडीन कुठून येणार? चांगले मीठ झाकून ठेवून वापरले तर दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यात तुमचे बहुतेक भागते. आपण खातो मात्र त्याच्या दुप्पट. पापड, लोणचे, फरसाण, वेफर आणि ताटातले वरचे मीठ, इथे कात्री लावा. सैंधवाने रक्तदाब वाढत नाही ही मात्र शुद्ध भूलथाप आहे. सैंधवही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराईडच असते. त्याचा गुलाबी रंग येतो तो चिमूटभर लोहाच्या गंजाने, आणि त्या लोहाने कुणाचे रक्त वाढत नाही.

आता मेंदू. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस काम सुरू करते आणि ती पुरती तयार व्हायला आणखी काही आठवडे जातात. तोपर्यंत बाळाच्या मेंदूची जी बांधणी चालते ती सगळी आईच्या थायरॉक्सिनवर. आईकडेच तुटवडा असला तर त्या दिवसांचे काम राहून जाते, आणि ते नंतर भरून काढता येत नाही. आयोडीनची टंचाई फार मोठी असेल तर मूल मतिमंद, बहिरे-मुके, खुजे जन्मते. हिमालयाच्या पट्ट्यात अशी मुले गावोगाव असत. टंचाई थोडी असली तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, मूल हसते-खेळते, फक्त पाटीवर जरा मागे पडते. मग आपण त्याला आळशी म्हणतो. टाळता येण्याजोग्या बुद्धिमांद्याचे जगातले सर्वांत मोठे कारण म्हणून आयोडीनच्या कमतरतेची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने फार पूर्वी केली आहे. गरोदर बाईने पहिल्याच भेटीत टीएसएच तपासून घ्यावा, असा माझा आग्रह असतो तो याचसाठी.

गुरुजींच्या सुनेचा आजार केवळ मिठानेच झाला असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. थायरॉईड मंदावण्याचे आज आपल्याकडे अधिक आढळणारे कारण वेगळे आहे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते आणि तिला हळूहळू निकामी करते. हा आजार मीठ बदलल्याने बरा होत नाही, त्याला गोळीच लागते. गोळी म्हणजे काही विषारी रसायन नव्हे, तुमच्या ग्रंथीला जे बनवता येत नाही तेच थायरॉक्सिन बाहेरून दिलेले असते. हिच्या रक्तात त्या आजाराची प्रतिद्रव्ये निघाली नाहीत, म्हणून माझा संशय मिठावर गेला इतकेच. आणि कारण काहीही असो, दुसऱ्या महिन्यात थांबून पाहायला वेळ नसतो. गोळी त्याच दिवशी सुरू केली.

याची दुसरी बाजूही सांगतो. आयोडीन चांगले म्हणून जास्त घेऊ नये. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, आयोडीनचे थेंब असले काही जाहिरात वाचून मागवू नका. गरजेच्या कितीतरी पट आयोडीन अंगात गेले तरी ग्रंथी बिघडते, विशेषतः आधीच दुखावलेली असेल तर. मिठातले प्रमाण ठरवताना हा विचार केलेला आहे.

मग कोबी, फ्लॉवर, मुळा बंद करायचे का? थायरॉईडचा पेशंट हा प्रश्न विचारल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. या भाज्यांत आयोडीनच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात हे खरे. बाजरीतही काही असतात. पण तो अडथळा जाणवतो ते आधीच आयोडीनची टंचाई असलेल्या मुलखात, ताटात दुसरे काही नसताना. शिजवल्याने कोबी-फ्लॉवरमधला त्याचा जोर बराच उतरतो. आठवड्यातून दोनदा कोबीची भाजी आणि हिवाळ्यात बाजरीची भाकरी, यांनी कुणाचा थायरॉईड बिघडत नाही. भाकरी सोडू नका.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट लोहाची. आयोडीन संप्रेरकात बसवणारे जे विकर ग्रंथीत असते त्याला लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. अशा शरीराला आयोडीन मिळूनही त्याचा पुरता उपयोग करता येत नाही. पालेभाजी, कडधान्ये, हळीव, जोडीला लिंबू, आणि जेवणावर लगेच चहा नाही, हे तेवढ्यासाठीच. हिमोग्लोबिन कमी असेल तर मात्र नुसत्या पालेभाजीवर विसंबू नये, लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

पण इथे एक गंमत आहे, आणि ती गोळीच्या बाबतीत फार नडते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनबरोबर पोटात गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि थायरॉक्सिन रक्तात पोचतच नाही. आमच्याकडे गरोदर बायका सकाळी उठून तिन्ही गोळ्या एकत्र चहाबरोबर घेतात, 'एकदाचं झालं' म्हणून. मग टीएसएच उतरत नाही, आणि मात्रा वाढवत बसतो आम्ही. थायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावे आणि पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नको. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी.

आणखी एक जात पेशंटांची हल्ली वाढली आहे, लग्न ठरलेल्या मुलींची. महिन्यात आठ किलो उतरवायचे म्हणून दिवसभर काकडी आणि ग्रीन टी. शरीराला ही दुष्काळाची वर्दी वाटते. ते टी-४ चे टी-३ करणे कमी करते, म्हणजे चूल मंद करते, आणि पिच्युटरीला पाळीचा हुकूमही थांबवायला सांगते. थंडी वाजते, केस गळतात, पाळी चुकते. मुलगी येते थायरॉईडची गोळी मागायला! तिला गोळी नको असते, वरण-भात हवा असतो. पाळी आणि वजन यांचा संबंध मोठा आहे, त्यावर पुन्हा केव्हा तरी लिहीन.

घरात काय करावे हे थोडक्यात. पुडक्यावर 'आयोडीनयुक्त' हा शब्द वाचून घ्या, काही सैंधवाच्या पुड्यांवरही तो असतो, पुष्कळांवर नसतो. मीठ झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा. दमट हवेत उघडे राहिले की त्यातले आयोडीन कमी होत जाते. जाडे मीठ पाण्यात धुऊन वापरण्याची जुनी रीत काही घरांत अजून आहे, त्यात आयोडीन पहिल्या पाण्याबरोबरच जाते. शक्यतो मीठ पदार्थ शिजत आल्यावर घाला. लोणच्याला आयोडीनचे मीठ चालत नाही असे काही जणी म्हणतात, त्यात तथ्य नाही. एकादशीला सैंधव जरूर वापरा, महिन्यातल्या दोन दिवसांनी काही होत नाही.

सुनेचा टीएसएच सहा आठवड्यांत खाली आला. दर महिन्याला तपासत राहिलो, मात्रा एकदा वाढवावी लागली. फाल्गुनात पूर्ण दिवसांची मुलगी झाली, वजन २ किलो ९०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन बाळाचाही थायरॉईड तपासला, तो ठीक निघाला. बाळाची ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, बाळंतपणाच्या वेळी मागून घ्यावी लागते. गुरुजींच्या केसपेपरावर मी आता तीन ओळी लिहिल्या आहेत आणि त्यांनी त्या मला मोठ्याने वाचून दाखवल्या.

त्या दिवशी दुपारी घरी जेवायला बसलो आणि सहज स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडून पाहिली. आत गुलाबी खडे होते. "केव्हापासून?" असे विचारले तर सौ. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. तुम्ही कधी विचारलं नाहीत." ती बरणी आता वरच्या फळीवर गेली आहे, एकादशीपुरती.